महाविद्यालयीन क्रीडा-अजिंक्यपदे, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालये व विद्यापीठे यांच्यात होणाऱ्या क्रीडास्पर्धांतील राष्ट्रीय विजेतेपदे व त्यांच्या नोंदी. एखाद्या स्पर्धेचा विजेता कोण, हा प्रश्न सामान्यतः अंतिम सामन्याच्या निकालाने सुटतो. भारतातील आंतरविद्यापीठ क्रिकेटच्या रोहिंटन बारिया करंडकाचा मानकरी कोण याविषयी वाद संभवत नाही. अंतिम सामना जिंकणारा संघ तोच मानकरी. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांची, विशेषतः तेथील फुटबॉलची, स्थिती निराळी आहे. त्या खेळात सु. सव्वाशे वर्षे राष्ट्रीय पातळीवरचा असा अंतिम सामनाच नव्हता. विजेतेपद वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत, गणिती कोष्टकांत आणि कित्येकदा मूळ सामने होऊन गेल्यावर पन्नास-साठ वर्षांनी एखाद्या संग्राहकाच्या टेबलावर ठरले. परिणामी निरनिराळ्या याद्या परस्परांशी जुळत नाहीत व एकाच वर्षाचे दोन, तीन किंवा त्याहूनही अधिक विजेते आढळतात. या नोंदी वाचताना कोणी जिंकले याबरोबरच ती नोंद कोणी केली व केव्हा केली, हेही पाहणे आवश्यक ठरते.

अमेरिकेतील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पाण्यावर झाली. ३ ऑगस्ट १८५२ रोजी न्यू हँपशर राज्यातील विनिपसॉकी सरोवरात हार्व्हर्ड व येल येथील विद्यार्थ्यांमध्ये नौकाशर्यत झाली व ती हार्व्हर्डने जिंकली. शर्यतीचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता; आपल्या लोहमार्गाने सरोवराकडे सहलीस येणाऱ्या प्रवाशांची संख्या वाढावी, हा तिचा हेतू. विद्यार्थ्यांच्या खेळात व्यापाराचा शिरकाव पुढे झाला, अशी तक्रार नेहमी केली जाते. वस्तुतः तो पहिल्याच दिवशी झाला होता. पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना १ जुलै १८५९ रोजी मॅसॅचूसेट्स राज्यातील पिट्सफील्ड येथे झाला आणि त्यात ॲम्हर्स्टने विल्यम्स महाविद्यालयाचा ७३–३२ असा पराभव केला. फुटबॉलचा आरंभ ६ नोव्हेंबर १८६९ या दिवसापासून धरतात. त्या दिवशी न्यू जर्सी राज्यातील न्यू ब्रन्सविक येथे रटगर्झने प्रिन्स्टनला ६–४ असे हरविले. प्रत्येक बाजूस पंचवीस खेळाडू होते आणि चेंडू हातात घेऊन धावण्यास मनाई होती. म्हणजे पुढे ‘अमेरिकन फुटबॉल’ म्हणून जो खेळ प्रसिद्धीस आला, त्याच्याशी या सामन्याचे साम्य फार थोडे होते. आठवड्याने दुसरा सामना प्रिन्स्टनने ८–० असा जिंकला.

त्या वर्षी देशात फुटबॉल खेळणारी महाविद्यालये एवढी दोनच होती व दोघांनी एकेक सामना जिंकला होता. तरीही पुढील काळातील याद्यांत १८६९ चे ‘राष्ट्रीय विजेते’ म्हणून कोठे प्रिन्स्टनचे, कोठे दोघांचेही नाव नोंदलेले आढळते. १८६९ मध्ये असे कोणतेही पद अस्तित्वात नव्हते आणि खेळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनातही ते नसावे. फुटबॉलच्या आरंभीच्या पन्नास वर्षांतील बहुतेक सर्व अजिंक्यपदे अशीच मागाहून बहाल केलेली आहेत. या कामी प्रमुख मानले जाणारे पार्क डेव्हिस हे व्यवसायाने वकील व नादाने खेळाचे इतिहासकार होते. १८६९ पासूनच्या विजेत्यांची त्यांनी तयार केलेली यादी १९३० नंतरच्या काळात एका क्रीडावार्षिकात प्रसिद्ध झाली. डेव्हिस हे स्वतः प्रिन्स्टनचे माजी खेळाडू होते. प्रिन्स्टनने २८ आणि येलने २७ राष्ट्रीय अजिंक्यपदांवर हक्क सांगितला आहे, त्यांतील कित्येकांना आधार मुख्यतः या यादीचा आहे. तथापि डेव्हिस यांनी पक्षपात केला, असे यावरून म्हणता येणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येल, प्रिन्स्टन व हार्व्हर्ड यांचे संघ खरोखरच बलाढ्य होते. येलचे वॉल्टर कँप (१८५९–१९२५) यांनी तर खेळाचे नियमच घडविले.

खेळाला देशव्यापी संघटना मिळाली ती अजिंक्यपदासाठी नव्हे, तर खेळाडूंचे जीव वाचविण्यासाठी. १९०५ च्या हंगामात फुटबॉल खेळताना शाळा-महाविद्यालयांतील अनेक मुले दगावली. तत्कालीन वृत्तपत्रांनी हा आकडा अठराच्या आसपास दिला आहे. राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझव्हेल्ट (१८५८–१९१९) यांनी ऑक्टोबर १९०५ मध्ये हार्व्हर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्याविषयी सुनावले. त्यानंतर १९०६ मध्ये महाविद्यालयांची एक संघटना स्थापन झाली व १९१० मध्ये तिला ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथ्लेटिक असोसिएशन’ हे नाव मिळाले. (पुढील विवेचनात तिचा उल्लेख ‘राष्ट्रीय संघटना’ असा केला आहे.) चेंडू पुढे फेकण्यास १९०६ मध्ये मिळालेली परवानगी हे या सुधारणांचेच फळ होय.

राष्ट्रीय संघटनेने पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९२१ मध्ये शिकागो येथे भरविली; ती मैदानी खेळांची होती व सांघिक विजेतेपद इलिनॉय विद्यापीठाने मिळविले. पुढे जलतरण, कुस्ती, मुष्टियुद्ध, टेनिस, गोल्फ इ. खेळांची त्यात भर पडली. या खेळांतील नोंदींविषयी फारसा वाद नाही. कुस्तीत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाने ३४ सांघिक विजेतेपदे मिळविली आहेत. सर्व खेळांतील सांघिक विजेतेपदांची बेरीज केली, तर स्टॅनफर्ड विद्यापीठ पहिले येते. त्याची संख्या १३० हून अधिक आहे. लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ व सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनीही शंभरी ओलांडली आहे. या बेरजेत सर्वोच्च श्रेणीच्या फुटबॉलचे मात्र एकही पद धरलेले नाही, कारण त्या श्रेणीचे अजिंक्यपद राष्ट्रीय संघटनेने आजवर कोणालाच दिलेले नाही. देशातील सर्वांत लोकप्रिय महाविद्यालयीन खेळाचे विजेतेपद त्याच खेळामुळे जन्मलेल्या संघटनेच्या हाती नसावे, ही विसंगती सहज खुलासा होण्याजोगी नाही. शंभराहून अधिक संघ, प्रत्येकाच्या वाट्यास हंगामात दहा-बारा सामने आणि प्रादेशिक मंडळांचे आपापले हितसंबंध अशा परिस्थितीत सर्वांना एका स्पर्धेत गोवणे अवघड होते, हे खरे. शिवाय नववर्षाच्या सुमारास ‘बोल’ या नावाने ओळखले जाणारे निमंत्रित संघांचे सामने भरत. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील रोझ बोल हा त्यांतील सर्वांत जुना सामना (१९०२). या सामन्यांचे चालक व त्यांचे उत्पन्न यांना धक्का लागू देण्याची कोणाचीच तयारी नव्हती.

ही उणीव प्रथम एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने भरून काढली. इलिनॉय विद्यापीठातील फ्रँक डिकिन्सन यांनी प्रतिस्पर्ध्याच्या बळानुसार विजयाला गुण देण्याची एक गणिती पद्धत तयार केली आणि १९२६ पासून शिकागोतील कपड्यांचे एक कारखानदार जॅक रिसमन यांनी दिलेला करंडक तिच्या आधारे दिला जाऊ लागला. पहिला मान स्टॅनफर्डला मिळाला. नोटर डेम विद्यापीठाचे विख्यात प्रशिक्षक न्यूट रॉकनी (१८८८–१९३१) यांनी या दोघांना भोजनास बोलावून गणित दोन वर्षे मागे नेण्याची गळ घातली. त्याप्रमाणे गणित मागे गेले आणि १९२४ चे अजिंक्यपद नोटर डेमच्या नावे जमा झाले. नोटर डेमचा १९२४ चा संघ अपराजित होता आणि त्याची योग्यता वादातीत होती; परंतु नोंदीची तारीख भोजनाच्या मेजावर बदलता येते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

१९३६ पासून असोशिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने क्रीडासंपादकांचे मतदान सुरू केले. दर आठवड्यास प्रसिद्ध होणारी ही क्रमवारी वृत्तपत्रांच्या खपास उपकारक ठरली व अल्पावधीत तिला जवळजवळ अधिकृत दर्जा प्राप्त झाला. तिचा पहिलाच विजेता वादग्रस्त होता. मिनेसोटा विद्यापीठाने त्या वर्षी आठपैकी सात सामने जिंकले. उरलेला एक नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाविरुद्ध ०–६ असा गमावला. पुढे नॉर्थवेस्टर्न नोटर डेमकडून हरले आणि मिनेसोटा पहिले आले. १९५० मध्ये युनायटेड प्रेसने प्रशिक्षकांचे स्वतंत्र मतदान सुरू केले. तेव्हापासून दोन मतदाने व दोन विजेते ही शक्यता कायमची झाली. शिवाय दोन्ही संस्था दीर्घकाळ बोल सामन्यांपूर्वीच अखेरचे मतदान उरकीत. १९७३ च्या हंगामात प्रशिक्षकांनी ॲलाबॅमाला विजेते ठरविले. त्यानंतर शुगर बोल सामन्यात नोटर डेमने ॲलाबॅमाला २४–२३ असे हरविले. असोशिएटेड प्रेसने बोल सामन्यांनंतर मत घेऊन नोटर डेमला कौल दिला. प्रशिक्षकांच्या मतदानाची वेळ पुढील वर्षी बदलण्यात आली, तथापि १९७३ चे पद ॲलाबॅमाने सोडले नाही.

ॲलाबॅमा विद्यापीठ एकूण १८ राष्ट्रीय अजिंक्यपदांवर हक्क सांगते. त्यांतील पाच पदे १९२५ ते १९४१ या काळातील असून विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागाने ती १९८० नंतरच्या दशकात यादीत समाविष्ट केली. त्यांपैकी १९४१ चे पद विशेष उल्लेखनीय आहे. त्या वर्षी ॲलाबॅमाने दोन सामने गमावले होते आणि असोशिएटेड प्रेसच्या क्रमवारीत त्याचा क्रमांक विसावा होता. एका गणिती पद्धतीने मात्र त्यास पहिले ठरविले व तेवढ्यावर दावा उभा राहिला. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०१२ मध्ये १९१९ व १९२७ ही वर्षे अशाच रीतीने आपल्या खाती जमा केली. राष्ट्रीय संघटना आपल्या विक्रमपुस्तकात निरनिराळ्या निवडकर्त्यांचे कौल छापते, पण त्यांत निवड करीत नाही. या तटस्थतेमुळे प्रत्येक विद्यापीठास आपल्या सोयीचा दाखला सापडतो. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लॉरिडा विद्यापीठाने सर्व सामने जिंकूनही त्यास अंतिम चौघांत स्थान मिळाले नाही, तेव्हा त्याने स्वतःस विजेते घोषित करून मिरवणूक काढली. एका गणिती क्रमवारीत ते पहिले असल्याने विक्रमपुस्तकातही त्याची नोंद झाली.

दोन सर्वोत्तम संघांची गाठ घालून देण्याचा पद्धतशीर प्रयत्न १९९८ पासून झाला. मतदान व संगणकीय क्रमवारी यांची सांगड घालणारी ती योजना २००३ मध्येच फसली. त्या वर्षी तिचे विजेते लुइझिॲना स्टेट विद्यापीठ होते, तर असोशिएटेड प्रेसचे सदर्न कॅलिफोर्निया. २०१४ च्या हंगामापासून चार संघांची व २०२४ पासून बारा संघांची बाद स्पर्धा होऊ लागली. संघांची निवड समितीच करीत असल्याने मताचा भाग सर्वस्वी गेला असे नव्हे. मात्र जानेवारी २०२५ मध्ये विजयी झालेला ओहायओ स्टेटचा संघ आठव्या मानांकनाचा होता व नियमित हंगामात दोनदा हरला होता. जुन्या पद्धतीत त्याचा विचारही झाला नसता.

बास्केटबॉलमध्ये अंतिम सामना लवकर आला. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रीडापत्रकारांनी निमंत्रितांची स्पर्धा सुरू केली, तर १९३९ मध्ये प्रशिक्षकांच्या पुढाकाराने आठ संघांची राष्ट्रीय स्पर्धा झाली. तीत ऑरेगनने ओहायओ स्टेटचा ४६–३३ असा पराभव केला. स्पर्धेचा खर्च मात्र भरून निघाला नाही. तत्पूर्वीच्या विजेत्यांची यादी लॉस अँजेल्स येथील हेल्म्झ प्रतिष्ठानाने १९४० नंतर तयार केली आणि तिच्या आधारे कॅन्सस विद्यापीठाच्या क्रीडागृहात १९२२ व १९२३ ची निशाणे फडकत राहिली. या खेळातील सर्वांत मोठा विक्रम लॉस अँजेल्सच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा होय. जॉन वुडन (१९१०–२०१०) यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे मिळविली, त्यांपैकी सात ओळीने (१९६७–७३). त्यांचे लागोपाठ ८८ विजय १९ जानेवारी १९७४ रोजी नोटर डेमने ७१–७० असे थांबविले. या विक्रमाचे मोल करताना एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १९७५ पूर्वी एका प्रादेशिक मंडळातून केवळ एकच संघ स्पर्धेत येऊ शके आणि विजेत्यास चार किंवा पाच सामने जिंकावे लागत. १९८५ मध्ये संघ ६४ झाल्यापासून सहा जिंकावे लागतात. म्हणून वुडन यांचे यश उणे ठरते असे नाही. बारा वर्षांत दहा अजिंक्यपदे हे कोणत्याही पद्धतीत दुर्मिळच.

कोण खेळले नाही, हे विजेत्यांच्या यादीवरून कळत नाही. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा संघ १९५९ मध्ये केवळ एक सामना हरला होता, तरी तो राष्ट्रीय स्पर्धेस गेला नाही. १९६१ व १९६२ मध्येही गेला नाही. कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघाशी खेळावयाचे नाही, असा त्या राज्याचा अलिखित दंडक होता. १९६३ मध्ये न्यायालयाचा मनाईहुकूम हाती पडण्यापूर्वीच संघ राज्याबाहेर निसटला आणि मिशिगन राज्यात शिकागोच्या लॉयोला विद्यापीठाशी खेळून ५१–६१ असा हरला. लॉयोलाच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडूंची संख्या अधिक होती. त्या वर्षीचे अजिंक्यपदही लॉयोलानेच मिळविले. तीन वर्षांनी, १९ मार्च १९६६ रोजी, टेक्सस वेस्टर्नने पाच कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी सुरुवात करून केंटकीच्या सर्वस्वी गौरवर्णीय संघाला ७२–६५ असे हरविले. या सामन्याची कीर्ती मोठी आहे. त्या मानाने टेनेसी ए अँड आय या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाने जॉन मॅक्‌लेंडन (१९१५–९९) यांच्या मार्गदर्शनाखाली १९५७, १९५८ व १९५९ अशी ओळीने तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली, हे क्वचितच सांगितले जाते. ती लहान महाविद्यालयांच्या निराळ्या संघटनेच्या स्पर्धेत मिळाली होती, म्हणून मुख्य यादीत त्यांना जागा नाही.

स्त्रियांच्या बाबतीत असेच घडले. राष्ट्रीय संघटनेने १९८१–८२ पर्यंत स्त्रियांच्या स्पर्धा घेतल्याच नाहीत. त्या १९७१ मध्ये स्थापन झालेल्या स्त्रियांच्या स्वतंत्र संघटनेने घेतल्या. तिची बास्केटबॉलची पहिली तीन विजेतेपदे (१९७२–७४) फिलाडेल्फियाजवळील इमॅक्युलाटा या लहानशा कॅथलिक महिला महाविद्यालयाने जिंकली. पहिल्या स्पर्धेच्या प्रवासखर्चासाठी या मुलींनी दात घासण्याचे ब्रश विकले व पैशांअभावी आठच खेळाडू जाऊ शकल्या. पुढील तीन विजेतेपदे मिसिसिपीतील डेल्टा स्टेटने मिळविली. शिक्षणसंस्थांत लिंगभेदास बंदी करणारा १९७२ चा कायदा झाल्यावर स्त्रियांच्या खेळांत पैसा येऊ लागला व राष्ट्रीय संघटनेने तेथे प्रवेश केला. १९८२ मध्ये लुइझिॲना टेक व रटगर्झ अशा दोन विजेत्या झाल्या. त्याच वर्षी स्त्रियांच्या संघटनेचे काम बंद पडले. राष्ट्रीय संघटनेच्या बेरजेत आरंभीच्या अकरा वर्षांतील ही विजेतेपदे धरली जात नाहीत. त्यामुळे इतिहास १९८२ पासूनच सुरू होतो असा भास होतो. १९८२ नंतरच्या काळात टेनेसीने पॅट समिट (१९५२–२०१६) यांच्या मार्गदर्शनाखाली आठ आणि कनेक्टिकटने जीनो ऑरिएमा यांच्या मार्गदर्शनाखाली २०२५ पर्यंत बारा अजिंक्यपदे मिळविली. कनेक्टिकटचे २०१४ ते २०१७ मधील लागोपाठ १११ विजय वुडन यांच्या संघाच्या ८८ विजयांहून पुष्कळच पुढे गेले आहेत.

मागाहून पदे जोडता येतात, तशीच ती काढूनही घेता येतात. सामना बहाल करणे म्हणजे प्रतिपक्षास विजय देणे. विजय रद्द करणे म्हणजे तो कोणाच्याच नावे न ठेवणे. शिक्षेचा हा दुसरा प्रकार पुढे विशेष रूढ झाला. त्यात एकसूत्रीपणा दिसत नाही. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने १९५० मध्ये राष्ट्रीय व निमंत्रितांची अशा दोन्ही स्पर्धा जिंकल्या. एकाच वर्षी हे साधणारा तो एकमेव संघ होय. १९५१ मध्ये त्यातील काही खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामन्यांतील गुणांचा फरक ठरवून दिल्याचे उघडकीस आले. तरी १९५० ची दोन्ही पदे नोंदीत कायम आहेत. याउलट सदर्न कॅलिफोर्नियाचे २००४ चे फुटबॉल अजिंक्यपद २०११ मध्ये काढून घेण्यात आले. रेजी बुश या खेळाडूने नियमबाह्य लाभ स्वीकारले होते, हे त्याचे कारण. असोशिएटेड प्रेसने मात्र आपला कौल बदलला नाही. बुश यांनी परत केलेले सर्वोत्कृष्ट खेळाडूचे हाइझमन पारितोषिक २०२४ मध्ये त्यांना पुन्हा देण्यात आले, कारण तोवर विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावलौकिकावर पैसे मिळविण्याची मुभा मिळून (२०२१) जुने नियम बऱ्याच अंशी गळून पडले होते.

लुइसव्हिल विद्यापीठाने ८ एप्रिल २०१३ रोजी मिशिगनला ८२–७६ असे हरवून बास्केटबॉलचे अजिंक्यपद मिळविले होते. खेळाडूंच्या भरतीतील गैरप्रकारांमुळे २०१८ मध्ये ते रद्द झाले व क्रीडागृहातील निशाण उतरविण्यात आले. मिशिगनला ते मिळाले नाही. गैरप्रकारांशी आपला संबंध नसल्याचे सांगून त्या संघातील पाच खेळाडू न्यायालयात गेले. २०१९ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार त्यांचे वैयक्तिक गुण व विक्रम त्यांना परत देण्यात आले. त्यांपैकी ल्यूक हँकॉक यांना अंतिम फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मानही परत मिळाला. ज्या सामन्यात तो मिळाला, त्याचे विजेतेपद नोंदीत रद्दच राहिले.